गुप्ततेची ढाल कोणासाठी?

विशेष प्रतिनिधी

सप्टेंबर २००७ मध्ये सीबीआयच्या अधिकाऱ्यांनी दिल्लीलगतच्या गुडगावमध्ये, म्हणजे आजच्या गुरुग्राममध्ये, एका निवृत्त मेजर जनरलच्या घराची झडती घेतली. गुन्हा नोंदवला गेला होता तो १९२३ च्या शासकीय गुपिते कायद्याखाली. ‘ऑफिशियल सीक्रेट्स अ‍ॅक्ट’ या इंग्रजी नावानेच अधिक परिचित असलेला हा कायदा इंग्रज सरकारने हेरांना आणि फितुरांना जरब बसावी म्हणून केला. ज्यांच्या घरी झडती झाली त्या मेजर जनरल व्ही. के. सिंग यांच्यावर मात्र परक्या देशाला कागदपत्रे विकल्याचा आरोप नव्हता. त्यांनी एक पुस्तक लिहिले होते. ते स्वतःच्या नावाने, दिल्लीच्या मानस पब्लिकेशन्समार्फत उघडपणे प्रसिद्ध केले होते आणि झडतीपूर्वी काही महिने ते दुकानांत विकलेही जात होते. या प्रकरणात प्रकाशकही आरोपी झाला.

‘इंडियाज एक्स्टर्नल इंटेलिजन्स’ हे त्या पुस्तकाचे नाव. विषय होता ‘रिसर्च अँड अ‍ॅनालिसिस विंग’ अर्थात ‘रॉ’ ही परदेशांत गुप्तवार्ता गोळा करणारी भारताची संघटना. लेखक या संघटनेत नोव्हेंबर २००० ते जून २००४ या काळात सहसचिव होते. (पुढे लष्करप्रमुख आणि नंतर केंद्रीय मंत्री झालेले जनरल व्ही. के. सिंग ते हे नव्हेत. नामसाधर्म्यामुळे हा गोंधळ वारंवार होतो.) लष्कराच्या सिग्नल्स कोअरमध्ये हयात घालवलेला हा अधिकारी ‘रॉ’च्या दूरसंचार विभागाची जबाबदारी घेऊन आला आणि साडेतीन वर्षांनी भ्रमनिरास होऊन बाहेर पडला. त्या भ्रमनिरासाची कारणे समजून घेण्याजोगी आहेत. ती सांगणाऱ्याचे पुढे काय झाले, हे त्याहून अधिक समजून घेण्याजोगे आहे.

वाड्यात आलेला पाहुणा

‘रॉ’चा जन्मच अपयशातून झाला. १९६२ चे चिनी आक्रमण आणि १९६५ चे पाकिस्तानशी युद्ध या दोन्ही वेळी परदेशी गुप्तवार्तेचे काम करणारा ‘इंटेलिजन्स ब्युरो’ म्हणजे आयबी कमी पडल्याची भावना सरकारात होती. सप्टेंबर १९६८ मध्ये इंदिरा गांधी यांनी हे काम आयबीपासून तोडले आणि रामेश्वरनाथ काव यांच्या हाती सोपवले. नवी संघटना मंत्रिमंडळ सचिवालयाचा एक ‘विभाग’ म्हणून उभी राहिली. संसदेने तिच्यासाठी स्वतंत्र कायदा केला नाही. तिच्या प्रमुखाचे अधिकृत पदनाम आजही ‘सचिव (संशोधन)’ असे निरुपद्रवी आहे. तीनच वर्षांत, बांगलादेश मुक्तियुद्धाच्या काळात, या संघटनेने जे काम केले त्यामुळे तिच्याभोवती एक वलय तयार झाले. ते वलय पुढे अनेक वर्षे पुरले.

अशा संघटनेत लष्करातून प्रतिनियुक्तीवर येणारा माणूस पाहुणाच असतो. एकीकडे ‘रॉ’चे स्वतःचे केडर, दुसरीकडे पोलीस सेवेतून आलेले अधिकारी, या दोहोंतील बढत्यांची आणि परदेशी नेमणुकांची चुरस दिल्लीत सर्वश्रुत आहे. लष्करात एखादी बंदूक हरवली तरी ‘कोर्ट ऑफ इन्क्वायरी’ बसते, जबाबदारी निश्चित होते, कोणाच्या तरी नोंदवहीत लाल शेरा पडतो. येथे मात्र चूक झाली तर ती फाइलमध्ये जाते आणि फाइलवर ‘अतिगोपनीय’ असा शिक्का असतो. सिंग यांच्या पुस्तकाचा मूळ सूर हा आहे. उत्तरदायित्वाचा अभाव आणि भ्रष्टाचार उजेडात आणण्यासाठीच आपण लिहिले, अशी भूमिका त्यांनी पुढे न्यायालयातही मांडली.

भ्रष्टाचाराचा मुद्दा त्यांच्या स्वतःच्या क्षेत्रातला होता. तांत्रिक सामग्रीची, त्यातही पंतप्रधानांच्या सुरक्षेसाठी असलेल्या विशेष सुरक्षा दलाच्या संदेशवहन यंत्रणेची खरेदी कशी होते, यावर त्यांनी बोट ठेवले. सरकारी खरेदीतील गैरप्रकार ही आपल्याकडे नवलाची बाब नव्हे. परंतु रस्त्याच्या किंवा धरणाच्या निविदेत घोळ झाला तर महालेखापाल आक्षेप घेतात, विधिमंडळात प्रश्न येतो, वृत्तपत्रे लिहितात. गुप्तचर संघटनेच्या खरेदीला गुप्ततेचे कुंपण असते. तिच्या खर्चाचे आकडे जाहीर होत नाहीत. कुंपण शत्रूसाठी घातलेले असते, पण लेखापरीक्षकही त्याच कुंपणाबाहेर राहतो.

एक ध्वनिफीत, एक फरारी

पुस्तकातील दोन प्रकरणे सर्वसामान्य वाचकाला अधिक भिडणारी आहेत. पहिले कारगिलचे. मे १९९९ च्या अखेरीस पाकिस्तानचे लष्करप्रमुख परवेझ मुशर्रफ बीजिंगमध्ये होते आणि रावळपिंडीतील आपले सहकारी लेफ्टनंट जनरल मोहम्मद अझीझ यांच्याशी दूरध्वनीवरून बोलत होते. ती संभाषणे भारताने टिपली. घुसखोर हे ‘मुजाहिदीन’ नसून या कारवाईमागे पाकिस्तानी लष्कर आहे, हे त्यांतून स्पष्ट होत होते. ११ जून १९९९ रोजी, पाकिस्तानचे परराष्ट्रमंत्री दिल्लीत दाखल होण्याच्या तोंडावर, भारत सरकारने या ध्वनिफिती जगापुढे ठेवल्या. मुत्सद्देगिरीच्या दृष्टीने तो मोठा विजय मानला गेला आणि आजही मानला जातो.

सिंग यांचा आक्षेप वेगळा आहे. आपली संभाषणे नेमकी कोठून फुटली, हे फीत ऐकताच पाकिस्तानच्या लक्षात आले, आणि भारत ज्या उपग्रह दुव्यावर कान लावून होता तो तत्काळ बंद करण्यात आला, असे ते लिहितात. एका दिवसाच्या बातमीसाठी आपण एक झरा बुजवून टाकला, असा त्याचा अर्थ. या आक्षेपाला उत्तर आहे. युद्ध चालू होते, जवान शिखरांवर धारातीर्थी पडत होते आणि जागतिक मत आपल्या बाजूला वळवणे निकडीचे होते. प्रस्तुत प्रतिनिधीला हे उत्तर अधिक पटते. पण मुद्दा असा की या निर्णयाचा नफा-तोटा नंतर कोणी कागदावर मांडला का? के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखालील कारगिल आढावा समितीने गुप्तवार्ता यंत्रणेतील उणिवांवर बरेच लिहिले, आणि या संस्थांच्या एकूण कामकाजावर देखरेख ठेवणारी व्यवस्थाच अस्तित्वात नसल्याचेही नोंदवले. तो अहवाल २००० मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा त्यातील कित्येक भाग मात्र वगळलेले होते.

दुसरे प्रकरण रबिंदर सिंग यांचे. हेही लष्करातून आलेले आणि ‘रॉ’मध्ये सहसचिवपदापर्यंत पोहोचलेले अधिकारी. आपल्या विभागाशी संबंध नसलेल्या विषयांत ते नको तितकी चौकशी करतात, असा संशय सहकाऱ्यांना आला. संघटनेच्या हेरगिरीविरोधी विभागाने त्यांच्यावर पाळत ठेवली, त्यांच्या कार्यालयात छुपी यंत्रणा बसवली. गोपनीय कागदांच्या प्रती काढून ते घरी नेत असल्याचे दिसत होते. ते कोणाला दिले जातात, हे शोधण्यासाठी पाळत चालूच ठेवण्यात आली. आणि मे २००४ मध्ये, लोकसभा निवडणुकीनंतर दिल्लीत सत्ताबदलाची धामधूम असताना, रबिंदर सिंग पत्नीसह नेपाळमार्गे अमेरिकेला निसटले. अमेरिकेच्या गुप्तचर संस्थेनेच त्यांना बाहेर काढले, यावर जाणकारांत एकमत आहे. सरकारने त्यांना बडतर्फ केले. पण बडतर्फीचा आदेश पोहोचवायला माणूसच जागेवर नव्हता.

व्ही. के. सिंग त्या वेळी संघटनेत होते. पुढच्याच महिन्यात त्यांचा कार्यकाळ संपला. त्यांचा प्रश्न साधा आहे: ज्याच्यावर रात्रंदिवस नजर आहे, असा माणूस सीमा ओलांडून जातो, तेव्हा ती नजर ठेवणाऱ्यांपैकी कोणाला जाब विचारला गेला? यापूर्वी १९८७ मध्ये चेन्नईतील ‘रॉ’चे अधिकारी के. व्ही. उन्नीकृष्णन यांना अमेरिकेसाठी हेरगिरी केल्याच्या आरोपावरून अटक झाली होती. म्हणजे अनुभव गाठीशी नव्हता असेही नाही.

येथे एक गमतीची बाब नोंदवायला हवी. या पाठलागाशी प्रत्यक्ष संबंधित असलेले ‘रॉ’चे माजी विशेष सचिव अमर भूषण यांनी २०१२ मध्ये ‘एस्केप टु नोव्हेअर’ नावाची कादंबरी लिहिली. तिच्यावर बेतलेला विशाल भारद्वाज यांचा ‘खुफिया’ हा चित्रपट २०२३ मध्ये घरोघरी पाहिला गेला. जे कथेच्या रूपात पडद्यावर आले, ते सत्यकथन म्हणून लिहिणाऱ्याच्या वाट्याला खटला आला होता.

तक्रार करायची कोठे?

गुप्तचर संघटनेतील अधिकाऱ्याने संघटनेतील दोषांविषयी कोठे बोलावे, हा प्रश्न कायद्याच्या पुस्तकातून शोधला तर दारे एकामागून एक बंद होताना दिसतात. १९८० मध्ये ‘रॉ’च्या कर्मचाऱ्यांनी चक्क संप केला होता. त्यानंतर १९८५ मध्ये गुप्तचर संघटनांतील कर्मचाऱ्यांच्या हक्कांवर निर्बंध आणणारा कायदा संसदेने केला. संघटना स्थापन करणे, वृत्तपत्रांशी बोलणे, पुस्तक प्रसिद्ध करणे यांवर त्याने बंदी घातली; अपवाद ठेवला तो कर्तव्याचा भाग म्हणून केलेल्या लिखाणाचा आणि निव्वळ साहित्यिक, कलाविषयक किंवा वैज्ञानिक स्वरूपाच्या लिखाणाचा. २००५ च्या माहिती अधिकार कायद्यातून ‘रॉ’ आणि आयबी वगळल्या गेल्या. भ्रष्टाचार आणि मानवी हक्कभंगाच्या तक्रारींपुरती माहिती द्यावी, असा अपवाद तेथेही आहे. परंतु फाइल अस्तित्वात आहे हेच ज्याला ठाऊक नाही, त्याने अर्ज कशाचा करावा?

याखेरीज ‘रॉ’च्या १९७५ च्या सेवानियमांतील १३५ व्या नियमाकडे पाहावे. एखाद्या अधिकाऱ्याची गुप्तचर म्हणून ओळख उघड झाली, किंवा सुरक्षेच्या कारणास्तव तो कामास निरुपयोगी ठरला, तर त्याला सक्तीने निवृत्त करता येते. नियमामागे तर्क आहे, कारण चेहरा उघडा पडलेला हेर खरोखरच निरुपयोगी असतो. मात्र हाच नियम एका महिला अधिकाऱ्याला लावला गेला. तिने वरिष्ठांविरुद्ध लैंगिक छळाची तक्रार केली होती, आणि ते प्रकरण जाहीर होऊन तिची ओळख उघड झाली. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२० मध्ये नियम वैध ठरवला, तिची निवृत्तीही कायम ठेवली. त्याच निकालात, तिच्या तक्रारीची हाताळणी असंवेदनशीलपणे झाल्याबद्दल सरकारने तिला एक लाख रुपये भरपाई द्यावी, असा आदेशही दिला.

निवृत्तांची सुटका नाही. सिंग यांच्या घरच्या झडतीनंतर काही महिन्यांतच, मार्च २००८ मध्ये, निवृत्तिवेतनाच्या नियमांत बदल होऊन गुप्तचर संघटनांतील निवृत्तांच्या संवेदनशील लिखाणावर बंधन आले. ३१ मे २०२१ च्या अधिसूचनेने ते अधिक आवळले. आता संवेदनशील मजकुरापुरता हा प्रश्न राहिलेला नाही. संघटनेच्या कार्यक्षेत्राशी संबंधित कोणतीही माहिती, तिच्या कर्मचाऱ्यांविषयीचा कोणताही तपशील प्रसिद्ध करण्यापूर्वी संघटनेच्या प्रमुखाची परवानगी लागते. तसे हमीपत्र द्यावे लागते आणि ते मोडल्यास निवृत्तिवेतन रोखता येते.

संघटनेची बाजू पोकळ आहे असे मुळीच नाही. सीबीआयच्या म्हणण्यानुसार सिंग यांच्या पुस्तकात अधिकाऱ्यांची नावे, ठिकाणांची माहिती आणि मंत्रिगटाच्या शिफारशी होत्या. परदेशात राजनैतिक अधिकारी म्हणून वावरणाऱ्या गुप्तचराचे नाव छापले गेले तर त्याच्या जिवाइतकाच त्याच्याशी बोललेल्या स्थानिक माणसांचा जीव धोक्यात येतो. त्या माणसांना निवृत्तिवेतन नसते आणि वकीलही नसतो. तांत्रिक विभागात साडेतीन वर्षे काढलेल्या अधिकाऱ्याने अवघ्या संघटनेवर निवाडा द्यावा का, हाही रास्त प्रश्न आहे. पुस्तकातील माहिती आधीच उपलब्ध होती, असे सिंग यांचे म्हणणे; तथापि विखुरलेली माहिती आतल्या माणसाने एकत्र करून तिच्यावर आपली मोहोर उमटवणे यात फरक पडतोच. नावे गाळायला हवी होती, यात शंका नाही. शंका आहे ती एवढीच की नावे गाळून उरलेला मजकूर तरी त्यांना छापू दिला गेला असता का.

अमेरिकेत या प्रश्नाचे उत्तर एका कार्यालयाकडे असते. ‘सीआयए’च्या आजी-माजी कर्मचाऱ्यांना आपले हस्तलिखित एका परीक्षण मंडळाकडे द्यावे लागते आणि मंडळ आक्षेपार्ह ओळी काळ्या करते. मध्यपूर्वेत दोन दशके काम केलेले रॉबर्ट बेअर यांनी २००२ मध्ये ‘सी नो इव्हिल’ प्रसिद्ध केले, ते या काळ्या ओळींसहच. उपग्रहांच्या आणि संगणकांच्या नादी लागून ‘सीआयए’ माणसे जोडायचे विसरली, असा त्यांचा आरोप होता. तो संघटनेला झोंबणारा असूनही छापला गेला. हे चित्र गुलाबी समजू नये. सायगावच्या पाडावात आपल्या व्हिएतनामी हस्तकांना वाऱ्यावर सोडून ‘सीआयए’ कशी पळाली, हे १९७७ मध्ये परवानगीविना लिहिणाऱ्या फ्रँक स्नेप यांची पुस्तकाची कमाई १९८० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सरकारजमा करायला लावली. ब्रिटनमध्ये ‘एमआय-५’मधील कारभारावर वृत्तपत्रांतून टीका करणाऱ्या डेव्हिड शेलर यांना २००२ मध्ये तुरुंगवास झाला. पण त्या दोन्ही देशांत तक्रारीसाठी निदान एक उंबरा आहे. अमेरिकी सिनेटची गुप्तवार्ताविषयक समिती १९७६ पासून काम करते. ब्रिटनने १९९४ च्या कायद्याने संसद सदस्यांची समिती नेमली. या समित्या बंद दाराआड बसतात, पुष्कळदा फसवल्याही जातात. आपल्याकडे ती फसवणूक करण्याची गरजच पडत नाही, कारण समितीच नाही.

हा सगळा वाद दिल्लीतील फायलींचा आहे, असे मुंबईकराने समजण्याचे कारण नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात १६६ जण मृत्युमुखी पडले. महाराष्ट्र सरकारने माजी केंद्रीय गृहसचिव राम प्रधान यांची समिती नेमली. तिचे दुसरे सदस्य व्ही. बालचंद्रन हे महाराष्ट्र केडरचे पोलीस अधिकारी आणि ‘रॉ’मध्ये विशेष सचिवपदापर्यंत पोहोचलेले. गुप्तवार्ता कशी येते, कोठे अडते, हे जाणणारा याहून योग्य माणूस सापडला नसता. परंतु समितीची कार्यकक्षा राज्याच्या पोलिसांपुरती होती, केंद्रीय संघटना तिच्या कक्षेबाहेर होत्या. समुद्रमार्गे हल्ला होऊ शकतो, अशा सूचना आधी आल्या होत्या हे उघड झाले. त्या मुंबईत पोहोचल्यावर पोलिसांनी काय केले, याची चौकशी झाली. दिल्लीत त्यांची जुळणी कोणी केली आणि कोणी केली नाही, हा प्रश्न कोणत्याही जाहीर चौकशीपुढे आला नाही. शहर एक, हल्ला एक आणि चौकशी अर्धी.

संसदेची देखरेख हवी, ही मागणी असंतुष्टांचीच आहे असेही नाही. जानेवारी २०१० मध्ये तत्कालीन उपराष्ट्रपती हमीद अन्सारी यांनी ती ‘रॉ’च्याच व्यासपीठावरून, काव यांच्या स्मृतिव्याख्यानात केली. २०११ मध्ये काँग्रेसचे खासदार मनीष तिवारी यांनी गुप्तचर संघटनांना कायद्याचे अधिष्ठान देणारे खासगी विधेयक लोकसभेत मांडले. ते चर्चेविना राहिले. याच मागणीची जनहित याचिका सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१६ मध्ये फेटाळली. सत्तेवर असलेल्या कोणत्याही पक्षाने या विषयाला हात लावलेला नाही. विरोधात असताना ज्याला या संघटनांचे भय वाटते, त्यालाच सत्तेत आल्यावर त्या सोयीच्या वाटतात, याखेरीज दुसरे स्पष्टीकरण सुचत नाही.

दरम्यान सिंग यांचे प्रकरण चालूच राहिले. सीबीआयने २००८ मध्ये आरोपपत्र दाखल केले. खटला रद्द करावा यासाठी त्यांनी दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली, आणि ३१ मे २०२३ रोजी, म्हणजे झडतीनंतर सुमारे सोळा वर्षांनी, न्यायालयाने त्यांची याचिका फेटाळली. पुस्तकातील उल्लेखांमुळे देशाच्या सार्वभौमत्वाला, एकात्मतेला किंवा सुरक्षेला बाधा पोहोचण्याचा संभव आहे काय, हे साक्षीपुरावे तपासून खटल्यातच ठरेल, असे न्यायालयाने म्हटले. खटल्यात तपासले जाणार आहेत ते हे उल्लेख. ती खरेदी कशी झाली आणि रबिंदर सिंग कसे निसटले, हे मुद्दे त्या खटल्याच्या कक्षेत येत नाहीत.